साडूंचं थेट प्रक्षेपण

आमच्या साडूंचं बोलणं अख्ख्या जालना जिल्ह्यात एकाच माणसाला कळायचं, टेलिफोनच्या लाइनमनला, आणि त्यानंही शेवटी बदली मागून घेतली. साडू नवीन जालन्यात कॉम्प्युटरचे क्लास घेत. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतून कुंथत कुंथत यायचं. त्याच तारेतून आमच्या धाकट्या मेव्हणीचं लग्न थेट अमेरिकेत दाखवायचं त्यांनी सासूबाईंना कबूल केलं होतं. सासूबाईंचा एकुलता एक मुलगा तिकडे व्हिसाच्या भानगडीत अडकलेला. त्यांचं एकच म्हणणं, "बहिणीच्या लग्नात त्याच्या अक्षता पडाव्या, मंग तो कुठूनही टाको."

झालं, सहा महिने आम्ही तिन्ही त्रिकाळ व्हिडिओचे फॉरमॅट जेवलो. एकात चित्र सुरेख पण जड. दुसऱ्यात हलकं, पण नवरी कोण नि नवरदेव कोण कळेना. सर्व्हर पुण्याचा घ्यावा की मुंबईचा, याची चौकशी त्यांनी स्थळासारखी केली, घरचं वळण विचारायचंच काय ते बाकी ठेवलं. शालू बघायला गेलो तर दुकानात म्हणाले, "एवढी बारीक जर लाइनीला झेपत न्हाई. बिनबुट्ट्यांचा घ्या." वऱ्हाडानं नाचूही नये म्हणे. "जितकं हलाल तितका डाटा वाढतो, मंग चित्र अडकतं." सासूबाईंनी शालू जरीचाच घेतला.

लग्न अंबडला, गोरज मुहूर्तावर. ऐन वेळी चित्र अडकलं ते अडकलंच. साडूंचा चेहरा एवढासा झाला. सहा महिन्यांची मेहनत त्यांनी एका बटणात मोडीत काढली. "चित्र बंद करून राह्यलो. नुसता आवाज जाईल, पण बराबर जाईल." मग सासूबाईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मामी, आवाजाला सर्व्हरमार्गे तिकडं जायला चाळीस सेकंद लागून राह्यले. आपलं 'सावधान' त्याला तेवढं उशिरा ऐकू येईल." मुलगा तिकडे मुठीत तांदूळ घेऊन स्पीकरशी बसला होता.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, हार घालून झाले. सासूबाई मात्र मूठ मिटून उभ्या. विहीणबाई कुजबुजल्या, "रुसल्या का काय ह्या?" शेजारी साडू, डोळे घड्याळावर. मग ते म्हणाले, "आता, मामी. आता तो टाकून राह्यला."

सासूबाईंनी मूठ उघडली आणि लेकाबरोबर लेकीवर अक्षता टाकल्या. सहा महिने मी या माणसाची थट्टा केली होती, त्याची मला फार लाज वाटली.