चाकाला हात लावायचा नाही

"बाटली लावा! म्याडम, आधी बाटली लावा!"

टेम्पो नीट थांबायच्या आत गणपत खाली उडी मारून ओरडायला लागला होता. मागे पोत्यांवर त्याचा थोरला भाऊ दामूदादा आडवा पडला होता, तोंड पांढरंफटक. नारळ-सुपारीच्या वाडीत झाप तोडताना कोयता सटकला आणि पोटरीत घुसला. गणपतने वर पंचा बांधला होता, पण इतका सैल की तो रक्त अडवण्यापेक्षा शोभेलाच जास्त होता.

मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका छोट्या रुग्णालयात डॉक्टर आहे. इकडे 'बाटली', म्हणजे सलाइन, हा सर्व रोगांवर इलाज. ताप आला, बाटली. थकवा आला, बाटली. मुलगी परीक्षेत नापास झाली तरी एक आई तिला बाटली लावायला घेऊन आली होती.

"अरे, आधी गळती तर थांबवू दे!" मी गणपतवर खेकसले. "फुटक्या टाकीत पाणी भरून काय करू?"

हे मात्र त्याला पटलं. शबाना सिस्टरने जखम दाबून धरली, पाय उंच केला. बीपी सत्तरवर, नाडी सुसाट, हातपाय गार. दोन्ही हातांना सुया लावून सलाइन सुरू केलं, फुटलेली रक्तवाहिनी बांधली, टाके घातले. रक्त थांबलं, पण बीपी काही वर यायचं नाव घेईना. आणि रक्ताची पिशवी यायची माणगावहून. आमचा घाटरस्ता ज्याने पाहिलाय त्याला मी जास्त काही सांगत नाही.

रक्त येईपर्यंत हा माणूस टिकायला हवा होता. म्हणून मी प्लाझ्मा व्हॉल्यूम एक्स्पांडर काढायला सांगितलं. नाव भारदस्त आहे, काम साधं. खूप रक्त गेलं की रक्तवाहिन्या अर्ध्या रिकाम्या होतात. हृदय धडधडतं, पण पुढे ढकलायला त्याच्याकडे काही नसतं. साधं सलाइन थोड्या वेळात वाहिन्यांबाहेर झिरपून जातं. या औषधातले कण मोठे असतात. ते आत जास्त वेळ टिकतात आणि पाणी धरून ठेवतात. पण ते रक्त नव्हे, ऑक्सिजन वाहून नेत नाही. रक्त येईपर्यंत वेळ काढायची ती सोय आहे.

ते देण्याआधी दोन कामं. एक, रक्तगट आणि जुळणीसाठी नमुना काढून घ्यायचा, कारण यातली काही औषधं नंतर त्या तपासणीत घोळ घालतात. नमुना घेऊन आमची गाडी लगेच माणगावला पिटाळली. दुसरं, चौकशी.

"दामूदादांना कसली अ‍ॅलर्जी आहे?"

"हाय ना," गणपत म्हणाला. "कोलंबीची."

"त्यांना?"

"न्हाय, वहिनीला."

"वहिनींना झोपवलंय का मी इथे? किडनीचं काही? हृदयाचं?"

"मागं एकदा अटॅक आलेला. तवापास्नं डॉक्टर म्हनतात पंप जरा ढिला हाय."

नशीब माझं, हे तरी सांगितलं. कमजोर हृदयाला एकदम भार झेपत नाही, जास्तीचं पाणी फुप्फुसात तुंबतं. मी बाटली थेंबाथेंबाने सुरू केली. अंगावर पित्त उठतंय का, श्वास अडकतोय का, बघत उशाशी उभी राहिले. काही झालं नाही. वेग जरासा वाढवला. बीपी नव्वदवर आलं. दामूदादाने डोळे किलकिले केले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग मी चूल विझली का बघावं तसं एकदा सगळं तपासलं, सिस्टरला लक्ष ठेवायला सांगितलं आणि माणगावला फोन करायला बाहेर गेले. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई ओकली. सिस्टर तिकडे वळली.

परत येते तर दामूदादा खोकतोय, छाती भात्यासारखी हलतेय, मानेच्या शिरा टरारलेल्या. वर बघते तर बाटली जवळजवळ रिकामी!

"चाकाला हात कुणी लावला?" चाक म्हणजे नळीवरचं ते छोटं प्लास्टिकचं चाक. त्याने थेंबांचा वेग कमी-जास्त होतो.

गणपत अभिमानाने पुढे आला. "म्या सोडलं. किती बारीक धार चालू ठेवलेली! अशानं भरनार कदी? आमी वाडीत पूर्न सोडतो. आळं भरलं की बंद."

माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते इथे लिहीत नाही. शबाना सिस्टरने कानावर ओढणी घेतली. मी चाक बंद केलं, दामूदादाला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, छातीला स्टेथोस्कोप टेकवला. खाली बारीक बुडबुड ऐकू येत होती. फुप्फुसातलं पाणी उतरवायला लघवी वाढवणारं इंजेक्शन भरून हातात धरलं आणि बीपीकडे डोळे लावून बसले. आत्ताच मोठ्या मुश्किलीने वर आणलेलं बीपी इंजेक्शनने परत खाली गेलं तर? न देऊन श्वास गेला तर?

गणपत रडवेला झाला. "म्याडम, दादा जगंल ना?"

"गणपत, सुपारीच्या आळ्यात पाणी तुंबून राहिलं तर काय होतं?"

"मूळ कुजतं. झाड बसतं."

"मग? हे तुझ्या भावाचं मूळ आहे," मी दामूदादाच्या छातीवर बोट ठेवलं.

त्याचा चेहरा उतरला. तो गुपचूप स्टूल ओढून चाकासमोर बसला. हळूहळू दामूदादाचा श्वास खाली बसला. बीपी टिकलं. इंजेक्शन द्यावं लागलं नाही.

माणगावहून रक्त आलं तेव्हा मात्र नवीन तमाशा झाला. आम्ही वापरलेल्या औषधात कॅल्शियम असतं. त्याच नळीतून रक्त सोडलं तर नळीतच गाठी व्हायच्या. म्हणून नवी नळी लावायची. सिस्टर जुनी काढायला गेली तर गणपत दोन्ही हात पसरून आडवा.

"चाकाला हात लावायचा न्हाय!"

"अरे बाबा, मी सिस्टर आहे!"

"कुनी का असंना! म्याडमना बोलवा!"

मी गेले, तेव्हा कुठे साहेब हटले. रक्त सुरू झालं, तेही हळूच. उन्हं कलायच्या सुमारास दामूदादाच्या गालावर रंग आला. त्याने डोळे नीट उघडले. गणपत पायाशी बसून हुंदके देत होता.

"गण्या," दामूदादा क्षीण आवाजात म्हणाला.

"काय दादा? पानी देऊ?"

"वाडीतला पंप बंद केलास का रं?"

गणपतचे हुंदके जागच्या जागी थांबले. सकाळी भावाला उचलून पळाला तेव्हा पंप पूर्ण सोडलेला होता. एरवी दिवसातून चारदा जाणारी लाइट त्या दिवशी एकदाही गेली नव्हती. तो जो धावत सुटला, तो चपला खाटेखालीच विसरून. विहीर तळाला गेली होती आणि शेजाऱ्याच्या खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्या तरंगत होत्या.

आठवड्याभराने दामूदादा चालत घरी गेला. आता माझ्या वॉर्डात कुणालाही असली बाटली लावली की सिस्टर खाटेजवळून हलत नाही, आणि चाकावर चिकटपट्टी असते. नातेवाइकांना मी तीन प्रश्न विचारते: अ‍ॅलर्जी आहे का, हृदय किंवा किडनीचं दुखणं आहे का, आणि घरी पंप चालू राहिलाय का.