चार शब्द

इस्पितळातल्या मानसशास्त्र विभागात त्यांना सगळे चाचणीबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या रुग्णांना पंधरा शब्द वाचून दाखवत, एकाच आवाजात, एकाच वेगाने, आणि मग आठवायला सांगत. "माणूस बघून माप बदललं, तर ते शास्त्र कसलं?" असं नव्या मुलींना बजावत.

एके दिवशी समोर त्यांचा थोरला भाऊ बसला. चाचणी घेणाऱ्या दुसऱ्या बाई रजेवर होत्या. चार शब्दांनंतर दादा अडला.

"छोटे, पहिलं अक्षर तरी सांग की!"

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. "आठवेल तेवढंच सांग, दादा."

त्याला पुढचं काहीच आठवलं नाही. त्यांनी कागदावर चार लिहिलं. आकडा चोख होता.

घरी जाताना दादाने दोनदा विचारलं, "पास झालो ना गं?"

बाई नुसत्या त्याचा हात धरून चालत राहिल्या.