बारवेतल्या भुताची भाकर
परवा नवी पेठेतल्या एका दुकानदारानं कोरी घोंगडी उलगडली, आणि लोकरीचा तो उग्र वास नाकात शिरताच मला सांगोल्याकडच्या आमच्या गावातली कोरडी बारव आठवली. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. "तुझ्या माळावर बघण्यासारखं आहे तरी काय?" असं एक वर्गमित्र चिडवायचा, म्हणून सुट्टीत मी त्याला भूत दाखवायला घरी नेलं. बारवेत भर दुपारी भूत कण्हतं, असं सगळं गाव मानायचं. त्यानं माझ्या परीक्षेच्या आड येऊ नये म्हणून आई दर अमावास्येला पहिल्या पायरीवर भाकर-कांदा ठेवायची आणि मागं न बघता परतायची. सुट्टीत आलेल्या अमावास्येला बाराच्या उन्हात आम्ही तिथं गेलो, तर खरंच कण्हणं ऐकू आलं. मित्रानं माझा दंड घट्ट धरला, तरी आम्ही उतरलो. तळाशी गारव्याला मेंढरं बसली होती, आणि एक म्हातारा धनगर घोंगडीवर बसून, दुखरे गुडघे चोळत, कण्हत आईची भाकर खात होता. "या की, बसा," तो म्हणाला. "कोन माउली हाय ठावं न्हाय, पर दर अवसंला माज्यासाठी भाकर ठिवती. तिचं लेकरू लई शिकंल बगा." घरी आईनं हळूच विचारलं, "दिसलं का रं?" "व्हय," मी म्हणालो, "कांद्यासंगं चटणी बी मागतंय." पुढं मी घरातला पहिला पदवीधर झालो, तो बारवेतल्याच्या आशीर्वादानं, असं आई शेवटपर्यंत सांगायची, आणि आज मीही तेच सांगतो.