डॉक्टरांनी हिंदीत विचारलं

"बिल्ली किधर है? बिल्ली?"

डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या नाकासमोर चित्रांचं पुस्तक धरलं होतं. जाड पुठ्ठ्याचं. पानावर मांजर, गाय, कावळा, चेंडू. माझी पोर दीड वर्षाची. ती पुस्तकाकडे बघायची, मग डॉक्टरांच्या तोंडाकडे. बोट काही वर येईना.

"कौआ? कौआ किधर है?"

पुन्हा नुसतं बघणं.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरना म्हणाले, आणि हे मात्र अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "यांच्यात असंच असतं. घरी पोरांशी बोलतंय कोण?"

मी समोरच होते. पोर मांडीवर घेऊन, हातभर अंतरावर.

माझ्या लेकीला बिल्ली माहीत नव्हती. तिला मांजर माहीत होतं. कौआ माहीत नव्हता, काऊ माहीत होता. आमच्या घरात नमाज सोडली तर मराठीशिवाय कुणी दुसरं काही बोलत नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं. नवऱ्याचं घराणं पिढ्यानपिढ्या पुण्यातलं, बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. सासूला आम्ही अम्मी म्हणतो. ती कात्रजच्या पलीकडच्या गावची, तिला हिंदी सिनेमासुद्धा समजावून सांगावा लागतो. ती नातीला खिडकीत बसवून भरवते, "ह्यो घास काऊचा, ह्यो घास चिऊचा." पोर बोट करून "काऊ" म्हणते. दिवसभर तोंड बंद नसतं तिचं.

आम्ही काही आजारपण घेऊन गेलो नव्हतो. ताप नाही, खोकला नाही. वजन करायचं, उंची मोजायची, डोस द्यायचा आणि घरी यायचं. मी कोथरूडमध्ये एका क्लासच्या ऑफिसात फोन घेते. तिथल्या एका मैत्रिणीने हा दवाखाना सुचवला. म्हणाली, "आमच्या सोसायटीतली सगळी मुलं त्यांच्याकडेच जातात गं." ऑफिसात फोनवर मला सगळे पालक "ताई" म्हणतात. अहो ताई, जरा बघता का, ताई. मग कुणीतरी नाव विचारतं. मी सांगते. आणि मग, "अच्छा, तो मॅडम, फीस का ऐसा है..." पाच वाक्यं मराठीत झालेली असतात. सहाव्याला मी परकी होते.

बाहेर बाकावर बसलेल्या बायका स्कूटरवरून आल्या होत्या. पुण्यात स्कूटरवरची प्रत्येक बाई डोक्यातोंडाला स्कार्फ गुंडाळते, नुसते डोळे उघडे. दवाखान्याच्या दारात येऊन त्या स्कार्फ सोडतात. मी सोडत नाही. माझा डोक्यावर तसाच राहतो. फरक म्हणाल तर एवढाच, आणि तेवढा पुरतो.

आत गेल्याबरोबर डॉक्टरांनी विचारलं होतं, "कितवा बच्चा है?"

"पहिलीच मुलगी," मी मराठीत सांगितलं.

"पहिला? अच्छा. मतलब अभी तो शुरुआत है."

सिस्टर हसल्या. मी पण हसले. आपण का हसलो हे मला अजून कळत नाही. वजन झालं. डोक्याला टेप लावून झाली. "खाती है क्या बराबर?" "हो, खाते." "खिचडी-विचडी देता है क्या?" "हो, देते." त्यांचं हिंदी असलं, की खऱ्या हिंदीवाल्याने कानांवर हात ठेवले असते. मी प्रत्येक उत्तर मराठीत देत होते आणि ते प्रत्येक प्रश्न हिंदीत विचारत होते. माझं मराठी त्यांच्या कानांपर्यंत पोचत होतं, पण ते ऐकत होते माझ्या डोक्यावरचा स्कार्फ.

आणि मग ते पुस्तक. आणि ते "यांच्यात."

मी पोरीला मांडीवर घट्ट धरलं. रागाने. शाळेत मैत्रिणीच्या आईने मला पाण्याचा वेगळा ग्लास काढून दिला होता, तेव्हा मी पाणी पिऊन "थँक्यू काकू" म्हणाले होते. घर भाड्याने बघायला गेलो, मालकांना नाव कळलं आणि खोली अचानक भाच्यासाठी ठेवलेली निघाली, तेव्हा "काही हरकत नाही" म्हणाले होते. सगळं गिळलं. पण हे माझ्यावरचं नव्हतं. जिला अजून स्वतःचं नाव नीट उच्चारता येत नाही, तिच्यावरचं होतं.

मी म्हणाले, "डॉक्टर, मी आल्यापासून मराठीत बोलतेय. तुम्हीही मराठीत बोला. आणि तिला मराठीत विचारा. मांजर कुठंय विचारा."

त्यांनी चष्मा काढला. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मराठी छान बोलता हो तुम्ही. कुठे शिकलात?"

"तुम्ही कुठे शिकलात?"

सिस्टर कापसाच्या डब्याशी उगाच चाळा करायला लागल्या. डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा उघडलं, टेबलावर आपटल्यासारखं ठेवलं आणि आवाज चढवून म्हणाले, "मांजर कुठे आहे? दाखव. मां-जर."

माझ्या पोरीने माझ्याकडे बघितलं. माझा आवाज चढलाय, हे तिला कळलं होतं. तिने माझ्या ओढणीत तोंड लपवलं आणि मोठ्याने रडायला लागली.

"बघा," डॉक्टर म्हणाले.

एवढंच. आता मराठीतही विचारून झालं होतं. बोलायला उशीर आहे, कान तपासून घ्या, पुढच्या डोसला या, म्हणाले. सिस्टरनी डोस दिला आणि आम्ही बाहेर पडलो.

पुढे कान तपासले. कान ठणठणीत निघाले. त्याच संध्याकाळी अम्मीला सगळं सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "त्यानं हिंदीत इचारलं? मग त्यात पोरीचं काय चुकलं? ते मला बी येत न्हाई." मला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच खरं हसू.

नवरा हसला नाही. तो म्हणाला, "अगं, वाद कशाला घातलास? मी दुकानात रोज हेच करतो. गिऱ्हाईक हिंदीत बोललं की मी हिंदीत. शाळेतले माझे मित्र येतात, तेसुद्धा हल्ली हिंदीत बोलतात माझ्याशी. सवय होते. आपण घरी थोडं हिंदी बोलू तिच्याशी. तिलाच सोपं जाईल." आणि त्याने लगेच तिला जवळ ओढलं. लाडाने म्हणाला, "बेटा, बिल्ली किधर है?"

पोरीने बापाकडे बघितलं. आणि माझ्याजवळ येऊन माझ्या ओढणीत तोंड लपवलं.

मी नवऱ्यावर ओरडले नाही. मी घाबरले. तो प्रेमाने विचारत होता, आणि ती त्याच्यापासून लपत होती. हल्ली घरात कुणी "हे काय आहे" विचारलं की ती गप्प होते. एकटी असली की बडबडते. माणसाने विचारलं की तोंड मिटते. दीड वर्षाच्या पोरीला कळलंय, की प्रश्न आला म्हणजे काहीतरी वाईट होणार. ते कुणी आणि कसं पुसायचं, मला माहीत नाही.

हिंदीशी माझं भांडण नाही. गाणी मी हिंदीच गुणगुणते. पण मला माझ्या गावात, माझ्या भाषेतून रोज कुणीतरी हाताला धरून बाहेर काढतं, आणि वर शाबासकी देतं, मराठी छान आहे हो तुमचं. माझ्या लेकीलाही हेच ऐकावं लागणार. शाळेत, कॉलेजात, नोकरीत. हे थांबेल असं मला वाटत नाही.

दवाखाना सुचवणारी मैत्रीण आता म्हणते, "तुमच्यातले डॉक्टर बघ ना एखादे. कोंढव्यात खूप आहेत." मनाने चांगली आहे ती. पण मी जाणार नाही.

पुढचा डोस जवळ आलाय. मी लेकीला घेऊन कोथरूडच्या त्याच दवाखान्यात जाणार आहे. आत गेल्यावर पहिलं वाक्य मी बोलणार, मराठीत. ते हिंदीत बोलले तर उत्तर देणार नाही. बाहेर गर्दी खोळंबली तर खोळंबू दे. ते बदलतील अशी आशा मला नाही. दुसरीकडे जा म्हणतील, सिस्टरला हाक मारतील, मला दाराबाहेर काढतील. काढू देत. माझ्या लेकीच्या देखत मी आता ना हसणार, ना भाषा बदलणार.