कोंबडी भाव करत नाही

उजवा तळहात हवेतच हळू खाली दाबायचा, जणू खाली कोंबडीची पाठ आहे, आणि म्हणायचं, "आवाज खाली, सेठ." कोहमाऱ्याच्या बाजारात कोंबड्या विकणारी म्हातारी माझ्याशी बोलायची ती अशी. आम्ही सगळे तिला बुढीमाय म्हणायचो. मला ती सेठ म्हणायची, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला कधीच कळलं नाही.

मी हायवेवर पंक्चर काढता काढता टायरचं दुकान उभं केलेला माणूस. सांगितलेल्या भावात मी आजवर मीठसुद्धा घेतलेलं नाही. तुमच्याही गावात माझ्यासारखा एखादा असेलच. त्याचा आवाज आधी येतो, माणूस नंतर.

मुलीचं लग्न झालं आणि बायको दुपारभर टीव्हीसमोर बसू लागली. एक दिवस म्हणाली, "मागं एवढी जागा आहे, कोंबड्या पाळू." ती गोंदिया शहरातली, मी रस्त्यावर वाढलेला. कोंबडीतलं आम्हाला कळत होतं ते फक्त ताटात आल्यावर.

बुढीमायकडे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा टोपलीत होता. "चौघं संगंच जातीन," ती म्हणाली.

"कोंबडा कायले? अंडी देत नाही, काही नाही. फुकटचे दाणे खाईल."

अर्धा तास मी घासाघीस केली. तीन कोंबड्यांना चौथ्याचा भार कशाला, हे तिला तऱ्हेतऱ्हेने पटवलं. ती काही बोलायला गेली की माझा आवाज चढायचा. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं." मी जिंकल्यासारखा घरी आलो.

कोंबड्यांनी अंडी दिली. मग त्यातली एक खुडूक झाली, म्हणजे अंडी देणं थांबवून नुसती बसून राहायला लागली. तिच्याखाली आम्ही अकरा अंडी ठेवली. बायको कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. एकविसाव्या दिवशी तिने पिल्लांसाठी तांदळाची कणी वाटीत काढून ठेवली. बाविसावा गेला, तेविसावा गेला. चोविसाव्या दिवशी एक अंडं फुटलं आणि घरभर घाण वास सुटला. बायकोने वाटी फळीवर ठेवून दिली आणि टीव्ही लावला.

मी एक अंडं खिशात घालून तडक बाजारात गेलो. "फसवलं तू मले!" अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलो.

तिने ते अंडं कानाशी धरून हलवलं. "सेठ, याचा बाप कोठं हाय?"

भाजीवाल्या बायका पोट धरून हसल्या. मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला.

"मंग तवाच सांगितलं काऊन नाही?"

"तू बोलू कोठं दिला? तू तं भाव करून राहिला होता." आणि तळहात खाली. "आवाज खाली."

पुढच्या बाजाराआधीच ती घरी आली. पदरात तिच्या घरच्या कोंबड्यांची अंडी, काखेत तोच कोंबडा. त्याचा भाव पहिल्यापेक्षा जास्त सांगितला. मी दिला. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

तोवर दुसरी कोंबडी खुडूक झाली होती. म्हातारीने फुटक्या टोपलीत धानाचं तणस, म्हणजे पेंढा, घातलं आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढली. "बिनरेघेचं दिसलं तं ते नवं, काढून घेजो बाई," असं बायकोला समजावलं. मग माझ्याकडे वळली. "एकवीस दिवस इथं ओरडायचं नाही. कोंबडी उठली का अंडी गार."

"एकवीस? दहा दिवस धर."

"एकवीस."

"पंधरा. चल, सतरा."

"कोंबडी भाव नाही करत, सेठ."

बायको तोंडावर पदर धरून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

दुकान घराला लागूनच, त्यामुळे एकवीस दिवस मी गिऱ्हाइकांशीही कुजबुजत बोललो. ट्रकवाले विचारायचे, "सेठजी, तबीयत तो ठीक है ना?" एकाने तर घासाघीस न करता पैसे मोजले, त्याला वाटलं, माझे शेवटचे दिवस आहेत.

एकविसाव्या सकाळी टोपलीतून बारीक चिवचिव आली. नऊ पिल्लं! मी आनंदाने ओरडणार, तोच बायकोचा तळहात हवेत खाली दाबला गेला. दुसऱ्या हाताने ती फळीवरची कणीची वाटी काढत होती.

गेल्या हिवाळ्यात म्हातारी लेकीकडे छत्तीसगडात गेली. आता तिच्या जागी प्लास्टिकच्या बादल्या विकतात. जाताना मला सांगितलंही नाही. मी बायकोजवळ खूप चरफडलो. ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं होतं तिला, कशी आहेस म्हणून?"

परवा एक माणूस आमच्याकडे कोंबड्या घ्यायला आला. दोनच द्या, कोंबडा नको, फुकटचे दाणे खाईल, म्हणून आवाज चढवून घासाघीस करू लागला. माझ्याही तोंडात चांगलं तिखट उत्तर आलं होतं. पण मागे टोपलीत कोंबडी बसली होती. माझा हात आपोआप हवेत खाली दाबला गेला.

"आवाज खाली, भाऊ," मी म्हणालो. "आन् कोंबडा घेऊन जा. त्याचे पैसे नको."