बेहड्याच्या ढोलीतली मादी

माझ्या चुलतभावानं मला फसवलं. राबाला फांद्या नेतो म्हणाला आणि अख्खा बेहडा बुंध्यापासून तोडून कोळसेवाल्याला दिला.

सापगावच्या अंगाचा तो माळ माझ्या स्वतःच्या कमाईचा. गवताचे भारे डोक्यावर वाहून सुरुवात केली, शहापूर-मुरबाडच्या पेठेत भल्याभल्यांशी घासाघीस करून गवताचा व्यापारी झालो. माळावर एक जुना बेहडा आणि थोडे ऐन, एवढंच होतं. मी उंबर, पांगारा, काटेसावर लावली. कडेला करवंदीची आणि धायटीची जाळी वाढू दिली. लोक म्हणाले, कलमी आंबे लाव. मी ऐकलं नाही. पांगारा फुलला की साळुंक्या, बुलबुल तुटून पडत. कोतवाल माझ्या भातावरचे किडे टिपत. पुढे उंबराला फळं धरली आणि धनेश पाखरांची जोडी आली. मादी अंडी घालायला बेहड्याच्या ढोलीत शिरली, ढोलीचं तोंड लिंपून, जेमतेम फट ठेवून आत बसली. नर फटीतून तिला उंबरं भरवायचा.

चुलतभाऊ ते पाहून हसला. "बायको कोंडली नि आता बाजार करीत फिरतंय! तुजाच सोयरा दिसतो रे."

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर धावत, कोळसेवाले झाडं हुंगत फिरत. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजायला, म्हणजे राबाला, भावाला फांद्या हव्या होत्या. सौदा ठरला: त्यानं आपली गुरं माझ्या माळापासून आवरायची, मी ऐनाच्या फांद्या द्यायच्या. शेंडा राखायचा, ही तर आमच्याकडची रीतच. बेहड्याला कोयताही लावायचा नाही. त्यानं हातावर हात मारला.

कल्याणला गवत पोचवून परतलो, तर बेहडा आडवा. ढोली फुटलेली. नर चोचीत उंबर धरून रिकाम्या हवेत घिरट्या घालत होता.

"मादी कुठाय?" मी ओरडलो.

"मेली, झाड पडताना. पाखरासाठी काय रडतोस? रानात झाडं कमी हायत का?"

"शब्द काय दिला होतास?"

"आरं, फांदी काय नि बुंधा काय! कोळसेवाला दारात उभा होता."

मी अंगावर धावलो, लोकांनी धरलं. तेच लोक आजही म्हणतात, भाऊ आहे, सोडून दे. का सोडू? विकत घेतलेल्या मालात एका भाऱ्यात ओलं गवत निघालं तरी मी अख्खी गाडी परत धाडत आलो. इथं तर जीव गेला. नंतर कितीतरी दिवस तो नर त्या खोडाशी उंबर घेऊन येत राहिला, आणि ते मला बघावं लागलं, भावाला नाही.

तो अजून रोज चावडीवर बसतो. तिथंच, चारचौघांत त्यानं सांगावं: मादी आत कोंडलेली आहे हे ठाऊक असून कुऱ्हाड कशी उचलली?