फाटकाबाहेरची हिरवी गाडी

नोरीन थॅकरेच्या नवऱ्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. हल शहराच्या पूर्वेकडच्या त्या केकच्या कारखान्यात तर सगळ्या बायका तिचा हेवा करायच्या. रॉयस्टन सकाळी तिला हिरव्या गाडीतून फाटकाशी सोडायचा, आणि पाळी सुटली की गाडी त्याच जागी उभी असायची.

"आमचा मेला पावसात छत्री घेऊन यायचा नाही," गेनर म्हणायची. नोरीनच्या शेजारी उभी राहून ती केकवर साखरेचा लेप द्यायची. "तुझं नशीब थोर बाई!"

नोरीन हसून वेळ मारून न्यायची. गाडीत बसलं की रॉयस्टन विचारायचा, "आज कोणाशी बोललीस?" उत्तर मनासारखं नसलं तर तो बोलणंच टाकायचा. एकदा उन्हाळ्यात ती धाकट्या बहिणीकडे, विनीकडे, त्याला न विचारता राहिली होती. त्यानंतर त्याने जे तोंड मिटलं ते नाताळ आला तरी उघडलं नाही. जेवताना तो तिच्याकडे नुसता बघत राहायचा. ती त्या बघण्याला भ्यायची.

त्या वसंतात मॅनेजर लॉकवूडसाहेब जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये आले. कामावर सायकलने येणाऱ्यांसाठी योजना निघाली होती.

"सायकल कंपनी घेणार, तुम्ही ती भाड्याने वापरायची," त्यांनी समजावलं. "भाडं दर महिन्याला पगारातून जाणार, तेही टॅक्स कापायच्या आधी. म्हणजे तेवढा टॅक्स वाचला. मुदत संपली की थोडेसे पैसे भरायचे, सायकल तुमची."

"माझं बूड मावेल असली सीट आहे का त्यात, साहेब?" गेनरने तोंडातली बटाट्याची पॅटी न गिळताच विचारलं. सगळं टेबल खिदळलं.

नोरीन हसली नाही. लहानपणी ती विनीला सायकलच्या दांडीवर बसवून बंदरापर्यंत न्यायची. सगळ्या बायका उठून गेल्यावर ती लॉकवूडसाहेबांच्या मागे गेली आणि सही करून आली. सही करताना ती इतक्यांदा दाराकडे बघत होती की त्यांनी विचारलं, "बरं वाटतंय ना?"

रॉयस्टनने विचारलंच, तर उत्तर तिने तयार ठेवलं होतं: सायकल माझी नाही, कंपनीची आहे. पगार थोडा कमी आला तेव्हा तिने पेन्शनची कपात वाढल्याचं सांगितलं. तो "हं" म्हणाला. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

निळी सायकल कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहिली. जेवणाच्या सुट्टीत नोरीन मागच्या आवारात चकरा मारायची. रस्त्यावरून ते आवार दिसत नसे. सुरुवातीला हँडल लटपटलं, गुडघा फुटला. रॉयस्टनला तिने सांगितलं, ओल्या फरशीवर पाय घसरला. गेनर साखरेच्या रिकाम्या डब्यावर बसून ओरडायची, "समोर बघ! चाकाकडे काय बघतेस, ते कुठे पळून जातंय?"

"नवऱ्याला का नाही सांगत?" एकदा गेनरने सहज विचारलं. नोरीनने आधी फाटकाच्या दिशेने बघितलं. गेनर तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि पुन्हा तिने नोरीनच्या नशिबाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, "माझं घर माहीत आहे ना? मागच्या बोळातून ये. मागचं दार मी कधी लावत नाही."

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मोठी भट्टी बिघडली आणि सगळ्यांना घरी सोडलं. रॉयस्टन यायला अजून खूप वेळ होता. तो आता निवृत्त होता, दिवसभर आपल्या भाजीच्या वाफ्यांवर असायचा, असं निदान तो सांगायचा. नोरीनच्या मनात आलं, एकदाच रस्त्यावर जाऊन यावं. नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. तिने शेडमधून सायकल काढली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि फाटकाबाहेर पडली.

समोर हिरवी गाडी उभी होती.

रॉयस्टन आत बसला होता. समोर थर्मास, अर्धवट खाल्लेलं सँडविच, गुडघ्यांवर घोंगडी. घोंगडी बघितली आणि नोरीनला कळलं. हा लवकर आलेला नव्हता. हा रोज इथेच बसत होता.

त्याने काच खाली केली. आवाज नेहमीसारखाच, अगदी मऊ.

"ही कोणाची?"

"कंपनीची."

"उतर. मागे टाकू. घरी जाऊन बोलू."

तिचा एक पाय जमिनीवर होता. उतरायचंच होतं तिला. इतक्या वर्षांची सवय होती. पण पाय पॅडलवर गेला आणि सायकल पुढे सरकली.

मागे इंजिन सुरू झालं. त्याने हॉर्न वाजवला नाही, हाक मारली नाही. गाडी नुसती तिच्या मागे येत राहिली, इतक्या जवळ की इंजिनाची ऊब तिच्या पोटऱ्यांना लागत होती. मागच्या गाड्या चिडून हॉर्न देत होत्या. मागे वळून बघायचा धीर तिला झाला नाही.

पुढे जुन्या रेल्वेच्या मार्गावर केलेली वाट होती. रूळ कधीच उखडले होते, तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले. नोरीनने अंग चोरून त्या खांबांमधून सायकल घातली. मागे ब्रेक करकचले.

वाट रिकामी होती. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, ओली पानं. ती वाट सरळ हेडनला जाते, विनीच्या गावाला. नोरीन जोरात पॅडल मारत होती आणि रडत होती. मग एकदम तिच्या लक्षात आलं: त्यालाही हेच माहीत आहे. जिथे जिथे रस्ता ही वाट ओलांडतो, तिथे तिथे तो उभा राहू शकतो.

पहिल्या रस्त्यापाशी ती झुडपाआड उतरली आणि डोकावली. रस्त्याकडेला हिरवी गाडी होती. रॉयस्टन बाहेर उभा राहून वाटेकडे बघत होता, हात खिशात, जणू बसची वाट बघतोय. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा जवळ आला. "पंक्चर झालं का, पोरी?"

"शू," नोरीन म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि कुत्र्याला घेऊन रस्त्याकडे चालू लागला. रॉयस्टन त्याला काहीतरी विचारत होता, तेवढ्यात तिने सायकल वळवली आणि आल्या वाटेने परत सुटली.

गेनरचं घर त्याला ठाऊक नव्हतं. मागच्या बोळात शिरून तिने दार ढकललं, ते उघडं होतं. गेनर बटाटे सोलत होती.

"सायकल आत घे," ती म्हणाली. "बाहेर ठेवलीस तर दिसेल." मग तिने आतून कडी लावली.

आपण कुठे आहोत ते नोरीनने विनीला कळवलं होतं; त्या रात्री विनीचा फोन आला. रॉयस्टन तिच्या दारासमोर बराच वेळ गाडीत बसून होता, अखेर तिने पोलिसांना बोलावलं होतं. पुढे वकील झाले, कोर्टाचा मनाई हुकूम झाला. नोरीनला गेनरच्याच गल्लीत एक खोली मिळाली. कारखान्याने तिला सामानाच्या फाटकातून ये-जा करायची मुभा दिली. मुदत संपल्यावर सायकल तिच्या नावावर झाली.

अजूनही रस्त्यावर मागून गाडीचा वेग कमी झाला की नोरीनची पाठ ताठ होते. गाडी पुढे निघून जाईपर्यंत ती रंग बघत नाही. सायकल मात्र थांबवत नाही.